चिमीच्या आईचं हसू

वृत्तवाहिनीच्या इमारतीत, तळमजल्यावर जिन्याखाली, संकलनाची खोली होती. खिडकी नव्हती. दोन पडदे, एक खुर्ची आणि भिंतींना चिकटवलेला फोम, जो आतला आवाज बाहेर जाऊ देत नसे आणि बाहेरची हवा आत येऊ देत नसे. त्या खुर्चीत बसणाऱ्या बाईला सगळे कात्री म्हणत. तिचं खरं नाव बहुधा फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक असावं. बातमीदार घामाघूम होऊन भरमसाट चित्रण आणून टाकत, आणि ती त्यातलं घोटभर ठेवून बाकीचं कापून टाकी. हात इतका बसला होता की कापताना ती पडद्याकडे बघते की नाही, अशी शंका यावी.

त्या दुपारी जे चित्रण आलं ते एका आईचं होतं. एका इमारतीच्या आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी होती, तिचं झाकण उघडं राहिलं होतं आणि चार वर्षांची एक मुलगी खेळता खेळता त्यात पडून बुडाली. तिला घरात चिमी म्हणायचे. बातमी सगळ्यांकडे होती, पण चिमीची आई कॅमेऱ्यासमोर बोलली ती फक्त ह्या वाहिनीच्या बातमीदाराशी. म्हणून सगळ्या मजल्यांवर जरा धावपळ होती.

कात्रीनं कानाला हेडफोन लावले आणि सगळं चित्रण पहिल्यापासून ऐकलं. ती तसं नेहमी करत नसे. त्या दिवशी का केलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

चिमीची आई एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, ओढणी पिन लावून बसवलेली. ती दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा ठरवण्याचं काम करायची, आणि बोलतही तशीच होती. पुढच्या रुग्णाला थांबायला सांगावं तशी. झाकण किती दिवसांपासून नव्हतं, इमारतीच्या सेक्रेटरीला तिनं कितीदा सांगितलं, त्यांनी काय उत्तर दिलं, शेवटी त्यावर एक फळी कशी टाकली आणि ती फळी कुणी उचलली ते कुणालाच कसं माहीत नाही. सगळं क्रमानं. डोळ्यात पाणी नाही. बातमीदाराला सर्दी झाली होती. तो मध्येच शिंकला, तर तिनं वाक्य अर्धवट सोडून आत आवाज दिला, "अरे, ह्यांना कुणीतरी गरम पाणी द्या."

मग बातमीदारानं विचारलं, "चिमी कशी होती हो?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चपला उलट्या घालायची. डावी उजव्या पायात. मी ओरडले की म्हणायची, आई, चपला बरोबर आहेत, आज माझे पायच उलटे झालेत." आणि ती हसली. मोठ्यानं नाही. तोंडाचा एक कोपरा वर गेला, दात जरासे दिसले, आणि मग ते हसू तिथेच राहिलं, जणू ते परत कसं न्यायचं ते ती विसरली होती.

कात्रीनं हेडफोन काढले. तिला काही वाटलं नाही. काही वाटायला हवं होतं, एवढंच लक्षात आलं. असं तिचं त्या वर्षाच्या सुरुवातीपासून चाललं होतं, वडील गेल्यापासून. भाजीत मीठ पडलं नाही तरी ती जेवून उठे आणि आईनं पहिला घास घेतल्यावर कळे.

संपादक खाली आले. हा माणूस वाईट नव्हता. हाताखालच्या सगळ्यांना बाळा म्हणायचा, कुणाचं मूल आजारी असेल तर न मागता रजा द्यायचा. त्याचा एकच मंत्र होता: थांबलं की गेलं. म्हणजे चित्र थांबलं की बघणारा गेला.

"काय बाळा, रडली का?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"झाकणाबद्दल बोलली. सगळं नीट सांगितलंय, तारखांसकट. चांगलं आहे, सर."

"झाकण कोण बघणार? झाकण ही म्युन्सिपाल्टीची बातमी झाली." संपादक तिच्या पाठीमागे उभे राहून चित्रण पुढे सरकवायला लावत होते. "जा, जा, पुढे जा. थांब. हे काय आहे?"

पडद्यावर ते हसू होतं.

"मुलीची आठवण सांगत होती," कात्री म्हणाली.

"हसतेय की ही." संपादकांचा आवाज खाली आला, बाजारात चांगली वस्तू दिसल्यावर माणूस उगाच हळू बोलतो तसा. "हे उचल. आणि बातमीदारानं तो प्रश्न विचारलाय ना, 'तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं?', तो कुठे आहे?"

"तो आधी आहे. त्याचं उत्तर तिनं वेगळं दिलंय. ती कामावर होती, चिमी शेजारच्या काकूंकडे होती."

"मुलाखत एकच आहे ना? माणूस एकच आहे ना? आपण काही बाहेरून आणून चिकटवत नाही. प्रश्न तिथला, हसू तिथलं. बस. लोकांना ठरवू दे."

"सर, त्याचा अर्थ बदलतो."

"अर्थ लोक लावतात, बाळा. आपण दाखवतो." त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "लवकर दे. वर सगळे खोळंबलेत."

तिनं प्रश्न उचलला. त्याच्यामागे हसू जोडलं. हसू जरा हळू केलं, कारण संपादकांना ते तसं हवं होतं, आणि खाली एक संथ सूर टाकला. शेजारी ठेवलेला चहा तिनं नंतर प्यायला. तो अजून गरम होता.

कार्यक्रमाला नाव दिलं होतं, 'ही आई हसते कशी?' तो लागला आणि वरच्या मजल्यावरचे फोन थांबेनात. दुसऱ्या दिवशी जाहिरात विभागाची प्रमुख बाई कधी नव्हे ती जिन्याखाली आली. उंच टाचांचे बूट, हातात दोन फोन, आणि खोलीत बसायला दुसरी खुर्ची नाही हे बघून दारातच टेकलेली. घरात लावायचे कॅमेरे विकणारी एक कंपनी होती. कामावरून फोनवर बघा, मूल काय करतंय. त्यांना चिमीच्या आईचा कार्यक्रम आठवडाभर हवा होता, रोज नवी चर्चा, आणि त्यांची जाहिरात बरोबर त्या हसण्यानंतर.

"हसण्यानंतर लगेच?" कात्रीनं विचारलं.

"लगेच. मध्ये काही नको. त्या क्षणाला प्रत्येक आईच्या पोटात गोळा येतो ना, तो जायच्या आत." बाईनं हे अगदी सहज सांगितलं, डॉक्टर गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर ते सांगतात तसं. "मला स्वतःला आला गोळा. मी घरी जाऊन मुलीला जवळ घेऊन बसले."

जाहिरात छान केलेली होती. एक तरुण आई कचेरीत बसली आहे, फोन टिंग वाजतो, घरात बाळ टेबलावर चढतंय, आई फोनमधून हाक मारते, बाळ थांबतं. मग एक मऊ पुरुषी आवाज: "तुमचं लक्ष नसलं, तरी आमचं आहे." कात्रीनं ती त्या हसण्याला जोडली. सांधा इतका स्वच्छ बसला की तिनं सवयीनं मान हलवली.

घरी आई टीव्हीसमोरच असायची. वडील होते तेव्हा टीव्ही त्यांचा होता, आणि आई कुरकुर करायची की घरात सतत कसला हा बाजार. आता ती तो बंदच करत नसे. बातम्या, चर्चा, जाहिराती, सगळं सारख्याच चेहऱ्यानं बघत बसे आणि पडद्यावरच्या माणसांशी बोले.

"बघ, बघ, हसते कशी," आई म्हणाली. "पोटची पोर गेली आणि दात काढते."

कात्री ताटात भात वाढून घेत होती. "ते मी लावलंय."

"काय लावलंस?"

"ते हसू. ते तिथलं नाही. दुसरीकडून उचलून त्या प्रश्नामागे लावलंय."

आईनं आवाज कमी केला. "म्हणजे ती हसली नाही?"

"हसली. ह्या प्रश्नावर नाही."

"मग कशावर?"

कात्रीनं चपलांचं सांगितलं. आई ऐकत राहिली, तिचा हात रिमोटवर तसाच. मग म्हणाली, "गोड होती ग." जरा वेळानं पुन्हा पडद्याकडे वळली. "पण हसली तर खरंच ना."

"आई, बाबा गेले तेव्हा आत्या माझ्याबद्दल काय म्हणाली होती?"

"तिचं काय घेऊन बसलीस? तिच्या जिभेला हाड नाही."

"काय म्हणाली होती?"

आई रिमोटची बटणं चाचपत राहिली. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, हिच्या डोळ्यात टिपूस नाही, बाप होता का भाडेकरू? कात्री तेव्हा आलेल्यांना पाणी देत होती, खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारून आणत होती, चपलांच्या ढिगातून लोकांच्या चपला शोधून देत होती. रडायचं राहूनच गेलं, कपडे वाळत घालायचे राहावेत तसं. आणि मग ती वेळ गेली.

"तू वेगळी," आई शेवटी म्हणाली. "तुला मी ओळखते."

"हो. तिला कोण ओळखतं?"

आईनं आवाज पुन्हा वाढवला. कात्री जेवली.

आठवडा संपायच्या आत चिमीचा मामा वाहिनीच्या स्वागतकक्षात येऊन बसला. टॅक्सी चालवणारा माणूस, इस्त्रीचा सदरा घालून आलेला. त्याला संपूर्ण चित्रण हवं होतं. स्वागतकक्षातल्या मुलीनं त्याला अर्ज लिहायला सांगितलं. त्यानं अर्ज लिहिला. मग तिनं सांगितलं, कळवू. तो उठला नाही. दुसऱ्या दिवशीही येऊन बसला, आणि तिसऱ्या दिवशी कात्री पाण्याची बाटली भरायला बाहेर आली तेव्हा तो नळापाशी उभा होता.

"मॅडम, तुम्ही इथेच काम करता?"

"हो."

"कुणाला भेटायचं ते तरी सांगा. मला भांडायचं नाही." तो खरंच भांडायच्या आवाजात बोलत नव्हता. "ताईला दवाखान्यातून सांगितलं, थोडे दिवस येऊ नका, पेशंट ओळखतात. भाजी आणायला गेली तर एक बाई पिशवीवर थुंकली. मेव्हणे काही बोलत नाहीत, पण त्यांच्या घरचे म्हणतात, हिला थोडे दिवस माहेरी ठेवा. माहेर म्हणजे मीच. माझी एक खोली आहे, त्यात आम्ही चौघं. आणि सेक्रेटरी आता म्हणतोय, झाकण होतं, आईचंच लक्ष नव्हतं. ताई सांगते, मी सगळं बोलले होते टीव्हीवाल्यांशी, तारखांसकट. मला फक्त ते हवंय. ती बोलली होती ना?"

"बोलली होती," कात्री म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या बाटलीतून पाणी वर येऊन हातावर सांडलं तेव्हा तिनं नळ बंद केला.

त्याच दुपारी ती वर गेली. संपादकांच्या खोलीला मोठी खिडकी होती, आणि कात्रीला तिथे नेहमी डोळे बारीक करावे लागत.

"सर, पूर्ण मुलाखत दाखवू या. नाहीतर निदान झाकणाचा भाग. आणि हसू कुठलं आहे ते."

संपादकांनी तिला बसायला सांगितलं. रागावले नाहीत. "बाळा, मलाही कळतं. मलाही दोन मुलं आहेत. पण आता मध्येच आपण म्हणायचं, अहो, आम्ही चुकीचं जोडलं? उद्या प्रत्येक बातमीवर लोक तेच म्हणतील. इथे शंभर माणसं कामाला आहेत. त्या कॅमेरे विकणाऱ्या कंपनीचं कंत्राट संपू दे, मग एक छोटा खुलासा टाकू. खालच्या पट्टीत."

"तोवर तिचं काय?"

"लोक विसरतात. पुढच्या आठवड्यात दुसरं काही येईल. मी सांगतो तुला, लोक इतके विसरतात की कधी कधी मलाच भीती वाटते." त्यांनी तिचा चेहरा न्याहाळला. "तू फार मनाला लावून घेतेयस. वडील गेले ना तुझे? हवी तर चार दिवस रजा घे."

"मनाला काही लागत नाहीये, सर. तीच तर पंचाईत आहे."

त्यांना ते कळलं नाही. ते हसले, सांत्वनाचं. ती खाली आली.

तिनं ठरवलं असं म्हणता येणार नाही. ती खुर्चीत बसली, मूळ चित्रण उघडलं आणि पुन्हा पूर्ण पाहिलं. शिंक, गरम पाणी, झाकण, तारखा, गप्प बसणं, चपला, हसू, आणि हसू ओसरायला लागलेला तो लांबलचक वेळ. मग तिनं पेन ड्राइव्हवर एक प्रत काढली. हात नेहमीसारखेच चालले. घर तिच्या नोकरीवर चालत होतं, हे तिला त्या वेळी आठवत होतं, आणि आठवूनही ते दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल असावं तसं वाटत होतं. आपण चांगलं काही करतोय असंही वाटलं नाही. प्रत तिनं डब्याच्या पिशवीत टाकली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती मामाच्या अर्जावरच्या पत्त्यावर गेली. खोली जिन्याच्या वरच्या टोकाला होती. मामाची बायको बाहेर गॅलरीत कपडे पिळत होती. तिनं कात्रीला आत बसवलं आणि मुलाला खाली खेळायला पाठवलं. मग लगेच कठड्यावरून वाकून बघितलं तो कुठे गेला ते, आणि वाकलेलीच राहिली.

चिमीची आई भिंतीला टेकून बसली होती. केस आजही विंचरलेले. पडद्यावर होती त्यापेक्षा लहान दिसत होती.

मामानं सांगितलं, "ताई, ह्या वाहिनीतून आल्यात. आपलं पूर्ण चित्रण आणलंय."

"तुम्ही कॅमेरावाल्या?" चिमीच्या आईनं विचारलं.

"नाही. मी कापते. चित्रण आलं की काय ठेवायचं, काय काढायचं, ते."

"माझं तुम्ही कापलंत?"

"हो."

मामा काहीतरी बोलायला गेला, पण चिमीच्या आईनं हात वर करून त्याला थांबवलं. ती कात्रीकडे बारकाईनं बघत होती, दवाखान्यात कुणी वेळ न ठरवता आलं तर बघावं तशी.

"किती वेळ लागतो असं करायला?"

"फार नाही." कात्रीनं खरं तेच सांगितलं. "चहा गार व्हायच्या आत झालं."

"बरं." ती मान हलवत राहिली. "मला वाटत होतं, पुष्कळ लोक बसून ठरवत असतील. एक खोली असेल."

"खोली आहे. छोटी आहे."

खालून मुलांचा गलका येत होता आणि प्रत्येक वेळी आवाज वाढला की मामाची बायको कठड्यावरून आणखी पुढे वाकत होती.

"त्यात ते चपलांचं आहे का?" चिमीच्या आईनं विचारलं.

"आहे. पूर्ण आहे."

"ते मला हवंय. बाकीचं ह्याला द्या, ह्याला जे करायचं ते करू दे." ती पहिल्यांदाच जरा भराभर बोलली. "ती नक्की काय म्हणायची ते माझ्या डोक्यातून सुटत चाललंय. आज माझे पाय उलटे झालेत म्हणायची, की पायच उलटे झालेत म्हणायची? घरात कुणाला सांगायला गेले की मला हसू येतं, आणि हसू आलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. म्हणून मी सांगत नाही आता. सांगितलं नाही तर ते राहत नाही."

"पायच," कात्री म्हणाली. "आज माझे पायच उलटे झालेत."

"हां. पायच."

तिच्या तोंडाचा कोपरा हलला. मग तिनं ओठ घट्ट मिटले आणि दाराकडे बघितलं, तिथून कुणी आत येतंय का ते. कात्रीला ते दिसलं. आपण काय कापलं ते तिला तेव्हा समजलं, आणि समजूनही डोळे कोरडेच होते. पेन ड्राइव्ह आपल्या फोनला लावून तिनं तेवढा तुकडा वेगळा काढला आणि चिमीच्या आईच्या फोनवर पाठवला. बाकीचं मामाकडे दिलं. निघताना कुणी तिला चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

मामानं चित्रण दुसऱ्या एका वाहिनीला दिलं. त्यांनी ते दाखवलं, मोठ्या आवाजात, 'आईच्या अश्रूंचा व्यापार' अशा नावानं, जरी त्यात अश्रू कुठेच नव्हते. त्यांच्याही संकलकानं खाली संथ सूर टाकला होता. झाकणाचा भाग मात्र त्यांनी पूर्ण ठेवला, तारखांसकट. आणि कार्यक्रमाच्या मध्यंतरात तीच जाहिरात लागली: बाळ टेबलावर चढलं, आईनं हाक मारली, मऊ आवाज म्हणाला, तुमचं लक्ष नसलं तरी आमचं आहे. कंपनीनं वाहिनी बदलली होती, एवढंच.

कात्रीची आई ते बघत होती. "अग, ही तर किती शहाणी बाई," ती म्हणाली. "सगळं सांगून ठेवलं होतं बिचारीनं." आठवड्यापूर्वी आपण काय म्हणालो ते तिच्या गावीही नव्हतं. मग एकदम वळून म्हणाली, "हे त्यांना कुणी दिलं?"

"मी."

"तुला काढून टाकतील."

"हो."

आई उठून आत गेली, आणि बराच वेळ आत भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, घासून झालेली भांडी.

काढून टाकायला वेळ लागला नाही. संपादकांनी स्वतः खाली येऊन सांगितलं, वर बोलावलं नाही. ते दारात उभे राहिले. "मला सांगून तरी करायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं, सर."

"हो," ते म्हणाले. "सांगितलं होतंस." त्यांनी खोलीवरून नजर फिरवली, फोमच्या भिंतींवरून. "तुझ्यासारखा हात पुन्हा मिळणार नाही." ते खरंच वाईट वाटून बोलत होते. संध्याकाळच्या बातम्यांत खालच्या पट्टीत खुलासा सरकत गेला. त्याच वेळी वर क्रिकेटचा निकाल चालू होता.

पुढे चौकशी बसली. सेक्रेटरीला आणि दुरुस्तीच्या कंत्राटदाराला बोलावणं गेलं. टाकीला लोखंडी झाकण बसलं, कुलूपही लागलं. चिमीच्या वडिलांनी येऊन चिमीच्या आईला घरी नेलं. त्यांच्या घरचे काय बोलले ते मामानं कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यानं तिला परत बोलावलं, पण समोरच्या टेबलावर नाही, आत, नोंदी ठेवायच्या कामावर. आणि रस्त्यात अजूनही कुणी ना कुणी तिच्याकडे बोट दाखवायचं. बहुतेकांना पहिलं आठवत होतं, दुसरं त्यांनी पाहिलं नव्हतं.

कात्रीला एका संस्थेत काम मिळालं. कारखान्यातल्या कामगारांना यंत्रं कशी वापरायची ते शिकवणाऱ्या फिती ती कापू लागली. तिथे कुणाला घाई नसे. शिडी कशी धरायची ते पूर्ण दाखवावं लागे.

चौकशीत तिची साक्ष होती. चित्रण अखंड आहे, त्यात काही मागे-पुढे केलेलं नाही, एवढंच सांगायचं होतं. त्या दिवशी बाहेरच्या लांब व्हरांड्यात चिमीची आईही बसली होती. बाकावर दुसरीकडे जागा नव्हती. कात्री तिच्या शेजारी बसली.

दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या. शिपाई एक टेबल ओढत घेऊन गेला, त्याचा कर्कश आवाज व्हरांडाभर फिरला.

"मला तुमचा राग यायला हवा," चिमीची आई म्हणाली. आवाजात काही नव्हतं. "मी वाट बघते. अजून येत नाही. कुणाचाच येत नाही."

"येईल."

"येईल बहुतेक."

"आला की मला सांगा," कात्री म्हणाली. "मामांकडे माझा नंबर आहे."

चिमीच्या आईनं त्यावर विचार केला. "सांगेन," ती म्हणाली. "रागात फोन करेन, तेव्हा मध्ये बोलू नका."

"नाही बोलणार."

आतून शिपायानं चिमीच्या आईचं नाव पुकारलं. ती उठली, ओढणीची पिन चाचपली आणि आत गेली. दार तिच्यामागे आपोआप मिटलं, आणि आतून तिचा आवाज ऐकू येऊ लागला, क्रमानं, तारखांसकट.